जुन्या पिकअपचा डिझेल काटा, टाकीचे खरे लिटर आणि ड्रायव्हरवर येणारा संशय

खेप_कळमना
मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

आमच्याकडे एक जुना डिझेल पिकअप आहे, २००८ चं मॉडेल. मावसभावाची आणि माझी भागीदारी. काटोल-कळमेश्वरकडून भाजी, हंगामात संत्रा, रात्री भरायचा आणि उजाडायच्या आत नागपूरच्या कळमना बाजारात उतरवायचा, हे आमचं काम. गाडी आमचे ड्रायव्हर चालवतात, त्यांना आम्ही काका म्हणतो. पिकअप घेतला तेव्हापासून तेच आहेत.

सध्या घरात वाद चाललाय तो डिझेलच्या काट्यावरून. माल भरून निघताना काका फोनवर सांगतात, काटा अर्ध्याला आहे. सकाळी गाडी दारात लागली की भाऊ चावी फिरवून पाहतो, तर काटा पावाच्या खाली. एवढ्याशा खेपेत तेवढं डिझेल जळत नाही. त्यामुळे वाटेत डिझेल काढलं जातंय हे भावाच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यात मागच्या आठवड्यात काटा पाव दाखवत असताना फेटरीच्या पुढे गाडी बंद पडली. टाकी कोरडी. डब्यातून डिझेल आणा, फिल्टरवरच्या हातपंपाने एअर काढा, यात उजाडलं. माल उशिरा पोचला आणि भाव पडलेला मिळाला.

वर आणखी एक. गाडीच्या पुस्तिकेत टाकी ५५ लिटरची लिहिली आहे. परवा टाकी फुल केली तर मशीनवर ५९ च्या पुढे आकडा गेला. भाऊ म्हणतो पंपवालाही मारतो आणि काकाही मारतात.

माझं म्हणणं असं की काकांसमोर हा विषय काढायच्या आधी गाडीचं खरं काय ते कळलं पाहिजे. इतक्या वर्षांच्या माणसाला एका काट्याच्या भरवशावर चोर म्हणायला माझं मन तयार नाही. काटा खराब आहे हे पक्कं कसं ठरवायचं? आणि ५५ च्या टाकीत ५९ लिटर बसूच शकतं का?


महाल_नागपूर
मंगळवार, रात्री १०:०५

टाकीचं गेज युनिट गेलं असेल. नवीन टाका, विषय संपला. जुन्या गाड्यांना हे होतंच.


वायरिंग_घाटरोड
मंगळवार, रात्री १०:३०

युनिट घ्यायला धावू नका भाऊ, थांबा जरा. आधी एवढं सांगा. काका काटा पाहतात तेव्हा रात्र असते, म्हणजे लाइट चालू. तुमचा भाऊ सकाळी पाहतो तेव्हा लाइट बंद. बरोबर ना? मागचे लाल दिवे मंद जळतात का? आणि चावी ऑन ठेवून ब्रेक दाबून धरला तर काटा हलतो का? गाडी दारात असेल तर आत्ताच पाहून या.


खेप_कळमना
मंगळवार, रात्री ११:१०

पाहून आलो. तुम्ही म्हणता तसंच आहे, दादा.

लाइट बंद असताना काटा पावाच्या जरा खाली. पार्किंग लाइट लावले की पावाच्या वर सरकतो. ब्रेक दाबून धरला तर हळूहळू चढत अर्ध्याच्याही पुढे जातो, सोडला की पुन्हा खाली. मागचे दिवे मंद आहेत, डावा जास्तच. पाय ब्रेकवर ठेवला म्हणून टाकीत डिझेल कसं वाढेल? म्हणजे हे वायरिंगचंच आहे का?


वायरिंग_घाटरोड
बुधवार, सकाळी ७:५०

वायरिंगचंच, आणि त्यातही अर्थिंगचं. नीट लिहितो, कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात.

गेज युनिट म्हणजे टाकीत बसवलेला एक फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, दांडीला लावलेला. डिझेल खाली गेलं की फ्लोट खाली जातो आणि दांडीचं दुसरं टोक रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतं. डॅशबोर्डवरचा काटा त्या रेझिस्टन्समुळे करंट किती येतो तेवढं दाखवतो. करंट मीटरमधून निघून वायरने टाकीपर्यंत येतो, युनिटमधून जातो आणि चेसीतून बॅटरीला परत जातो. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. टाकी पट्ट्यांनी बांधलेली असते, पट्टीखाली रबर असतं, म्हणून युनिटपासून चेसीपर्यंत वेगळी अर्थ वायर दिलेली असते. पंधरा-सोळा पावसाळे चिखल खाऊन तिथलं थिंबल (वायरच्या टोकाची चकती) आणि बोल्ट दोन्ही गंजतात. त्या गंजाचा रेझिस्टन्स फ्लोटच्या रेझिस्टन्समध्ये मिसळतो आणि मीटरला ते एकच वाटतं.

आता तुमच्या गाडीत काटा जास्त का दाखवतो. युनिटच्या दोन जाती आहेत. एकीत टाकी भरत जाते तसा रेझिस्टन्स वाढतो, उदाहरणार्थ रिकामी १० ओहम आणि भरलेली १८० ओहम. दुसरीत उलटं, रिकामी शंभराच्या आसपास आणि भरली की चार-पाच ओहम. पहिल्या जातीत अर्थिंग खराब झाली की काटा जास्त दाखवतो, दुसरीत कमी दाखवतो. तुमचं युनिट पहिल्या जातीचं दिसतंय. पहिली जात धोक्याची, कारण दुसरीत गाडी फार तर लवकर पंपावर नेते. पहिलीत मध्येच रस्त्यावर उभं करते.

आणि ब्रेकचं कारण असं. मागच्या दिव्यांची अर्थ वायर बहुतेक त्याच बोल्टवर आहे. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा, दोन मिळून ४२ वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर. एवढा करंट गंजलेल्या बोल्टमधून जायला लागला की त्या बोल्टवरच व्होल्टेज अडतं. दिवे मंद होतात आणि टाकीच्या युनिटला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. युनिटचा करंट कमी झाला की मीटरला वाटतं रेझिस्टन्स वाढला, आणि काटा चढतो. रात्रभर दिवे चालू, मधून मधून ब्रेक, म्हणून काकांना अर्धा दिसतो. सकाळी दिवे बंद, म्हणून भावाला पाव दिसतो. डिझेल दोन्ही वेळी जवळपास तेवढंच. तुमच्या काकांनी खोटं सांगितलेलं नाही, भावानेही नाही.

हे घरी तपासता येतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. टाकीवरची युनिटची वायर सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून युनिटची पिन ते युनिटची प्लेट मोजा, मग तीच पिन ते चेसीचा घासून चकचकीत केलेला भाग मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला पाहिजेत. फरक आला तर तो फरक म्हणजे गंज.

मीटर आणि लांब वायर ठीक आहे का हे पाहायला बॅटरी जोडून चावी ऑन करा. युनिटची वायर मोकळी ठेवली तर तुमच्या जातीत काटा पूर्ण वर जाईल, क्षणभर चेसीला टेकवली तर पूर्ण खाली येईल. दोन्ही टोकांना गेला तर मीटर शाबूत आहे. टेकवून धरून ठेवू नका, आणि हे करताना टाकीचं तोंड किंवा युनिट उघडं नको.

अजून एक पाहा. टेंपरेचरचा काटाही डिझेलच्या काट्याबरोबर वर-खाली होत असेल तर दोष मीटरला व्होल्टेज देणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये असतो. तुमच्याकडे तसं दिसत नाही.


एमएच४०_चालक
बुधवार, दुपारी १:१५

वायरिंगवाल्या दादांनी लाखमोलाचं सांगितलं. मी बी ड्रायव्हरच हाव, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

गाडी कुठं उभी हाय ते पाहून मंगच काटा पाहा. पिकअपची टाकी चेसीच्या एका बाजूला लांबलचक आडवी रायते. उतारावर नाक खाली करून उभी केली का डिझेल पुढं जाते, फ्लोट जिकडं असंन तिकडचंच सांगते. माल भरला का मागचे पाटे दबते, तवा बी फरक पडते. मालक सकाळी उतारावरची रिकामी गाडी पाह्यते, ड्रायव्हरनं रात्री सपाट रस्त्यावर भरलेली पाह्यली रायते. मंग म्हन्ते डिझेल कुठं गेलं?

मी एका मालकाकडं होतो, त्यानं कधी तोंडावर म्हटलं नाई, पन रोज सकाळी येऊन काटा पाहून माह्याकडं पाहे. ते नजर लय बोचते, भाऊ. पगार वेळेवर भेटे, बाकी माणूस चांगला, तरी मी ते गाडी सोडली. तुमी काकाले विचाराच्या आधी गाडी तपासून रायले, हे मले फार आवडलं.

आन मनसर ते खवासा जंगलाचा रस्ता असो का समृद्धी, तिथं रातच्याले काट्यावर भरवसा ठेवून जाऊच नये. समृद्धीवरून उतरून बाजूच्या गावात डिझेल आनाले बी जमत नाई, पुढचा इंटरचेंज येवाले लागते. माह्या हिशेबानं जुन्या गाडीत काटा पावाले आला का टाकी रिकामीच समजाची.


ग्राहक_धरमपेठ
बुधवार, दुपारी ३:००

५५ मध्ये ५९ बसण्याबद्दल. पंपावर संशय असेल तर भांडण नको, सरळ पाच लिटरचं माप मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. ५९ लिटरवर अर्धा टक्का म्हणजे तीनशे मिलीच्या आसपास. तुमचा फरक चार लिटरचा आहे. मापात मशीन बरोबर निघालं तर पंपाचा विषय तिथेच मिटला, नाही निघालं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. माप भरताना ते सपाट जागी ठेवलंय ना आणि आधी आतून ओलं करून निथळलंय ना, एवढं पाहा.


एसटी_निवृत्त
बुधवार, संध्याकाळी ६:२०

माझी नोकरी हिंगणा रोडच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आणि डेपोत गेली. टाकी या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

पुस्तिकेतला आकडा म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरल्यावर मावेल तेवढं डिझेल, असं समजू नये. वर थोडी जागा मोकळी राहावी अशी टाकी बनवतात, कारण डिझेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण ०.०८ टक्के. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं डिझेल तीस अंशांच्या आसपास असलं आणि आपल्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहून ते पंचेचाळीसला गेलं, तर ५५ लिटरला साधारण पाऊण लिटर वाढ होते. गळ्यापर्यंत भरलेली गाडी उन्हात लावली की झाकणातून ओघळ येतात ते यामुळेच. नोझल आपोआप बंद झाल्यावरही पंपवाला थांबून थांबून टोपणापर्यंत भरत असेल, तर वरची मोकळी जागा आणि भरायच्या नळीचा गळा, दोन्ही भरतात. उलट गाडी बंद पडते तेव्हाही टाकीत थोडं डिझेल राहतंच, म्हणजे गळ्यापर्यंत टाकी ५९ पेक्षाही थोडी जास्तच घेत असेल. ओढणारी नळी तळापासून वर ठेवलेली असते, गाळ आणि पाणी ओढलं जाऊ नये म्हणून. तेव्हा ५९ बसले यात मला नवल वाटत नाही.

पण जुन्या पिकअपमध्ये आधी हे पाहा की टाकी मूळचीच आहे का. मधल्या मालकाने दुसऱ्या मॉडेलची बसवलेली असते, किंवा पत्र्याची नवीन बनवून घेतलेली असते. मग पुस्तिका उपयोगाची नाही आणि काटाही. चौकोनी टाकी असेल तर टेप लावा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. ८० बाय ४० बाय २० ची टाकी म्हणजे ६४ लिटर. कोपरे गोल असतात आणि पत्र्याला जाडी असते म्हणून थोडं कमी धरा. खालून दगड लागून तळ आत गेला असेल तर आणखी कमी, आणि फ्लोटची दांडी त्या पोचक्याला अडकते ते वेगळंच.

आता मुख्य गोष्ट. एसटीत डिझेलचा हिशेब काट्यावर कधीच नव्हता. डेपोत गाडी आली की टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत भरायची. जेवढे लिटर बसले तेवढं खर्च झालं. त्यावरून दहा लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा काढतात, त्याला केपीटीएल म्हणतात. चालकाचं नाव चांगलं की वाईट ते या आकड्यावर ठरायचं, म्हणून तो नीट काढणं ही आमची जबाबदारी होती. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला बोलावलं जात नसे. मार्ग, गर्दी, टायरची हवा, एअर फिल्टर, सगळं पाहूनच मग चालकाकडे बोट जायचं.

तुम्हीही तेच करा. एकच पंप, एकच मशीन, गाडी त्याच जागी तशीच उभी, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. वर ठोकून ठोकून भरायचं नाही. लिटर आणि किलोमीटर वहीत. किलोमीटर मीटरची केबल तुटलेली असेल तर आधी ती बसवा, नाहीतर या हिशेबाला अर्थ राहत नाही. काही भरण्या झाल्या की सरासरी स्थिर होते. डिझेल खरंच चोरीला जात असेल तर ते या वहीत दिसेल, आणि जात नसेल तर तेही तितकंच स्पष्ट दिसेल.


उमरेड_रोड
बुधवार, रात्री ८:४५

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या जुन्या जीपचा काटा युनिट बदलल्यापासून उलटा चालतो. टाकी भरली की खाली, रिकामी झाली की वर. मेकॅनिक म्हणतो असंच चालवा, सवय होईल.


ऑस्टिनचा_नागपूरकर
बुधवार, रात्री ११:५५

उमरेड_रोड, युनिट दुसऱ्या जातीचं बसवलंय. वायरिंगवाल्या दादांनी वर ज्या दोन जाती सांगितल्या त्यांचाच हा घोळ. मीटरला जी जात हवी तीच युनिटमध्ये पाहिजे, सवय वगैरे करू नका.

मी इथे अमेरिकेत जुन्या पिकअपवर हात चालवतो, त्यामुळे हा प्रकार नेहमी पाहतो. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या गाड्यांत रिकामी ० आणि भरलेली ९० ओहम, त्याआधीच्यांत ० ते ३०. फोर्डच्या जुन्या गाड्यांत उलटं, रिकामी ७३ आणि भरलेली १० च्या आसपास, आणि १९८७ पासून पुन्हा बदलून १६ ते १५८. ऑनलाइन स्वस्त युनिट घेताना लोक फक्त टाकीच्या भोकाचा व्यास आणि स्क्रू पाहतात, ओहम पाहत नाहीत. ० ते ९० च्या मीटरला ० ते ३० चं युनिट लावलं तर टाकी गच्च भरूनही काटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच अडकतो.

इथल्या कित्येक जुन्या पिकअपना दोन टाक्या असत, एक बटण दाबून बदलायच्या, आणि दोन्हींना मिळून काटा एकच. बटणाच्या आतला संपर्क खराब झाला की एका टाकीचं डिझेल किंवा पेट्रोल दुसरीच्या नावावर दिसतं. शेव्हर्लेच्या १९७२ पर्यंतच्या पिकअपमध्ये तर टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे होती. जीपमध्ये सीटखाली असते तसंच काहीसं. तुमच्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असेल तर तुम्हाला काट्याची फिकीर कमी. सीट उचला, झाकण काढा, लाकडी पट्टी घाला आणि पाहा.


सेफ्टी_बुटीबोरी
गुरुवार, सकाळी ९:३०

बुटीबोरीला कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो, म्हणून मध्ये बोलतो. टाकी उघडायचं बोलणं चाललंय आणि बऱ्याच जणांचा समज असतो की डिझेलला आग सहज लागत नाही. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असला की चालतो. म्हणजे त्या तापमानाला डिझेलच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीतच चाळीसच्या वर असतं, आणि टाकीचा पत्रा त्याहून गरम. तेव्हा हे काम सकाळी लवकर करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढून करा, जवळ बिडी-सिगारेट आणि ग्राइंडर नको. मोजायला कोरडी लाकडी पट्टी वापरा, लोखंडी सळई नको.

आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफा आणि हवा दोन्ही असतात. गळती बंद करायला कुणी जागेवरच वेल्डिंग लावतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. ते काम टाकी उतरवून, नीट धुऊन, पाणी भरून करणाऱ्या माहितगार माणसाचंच आहे.


महाल_नागपूर
गुरुवार, सकाळी १०:१०

मी युनिट बदला म्हटलं होतं, पण हा सगळा धागा वाचून माझ्या भाच्याच्या गाडीचाही अर्थिंगचा बोल्ट आधी पाहायला सांगितलं आहे. चांगली माहिती मिळाली.


खेप_कळमना
रविवार, दुपारी ४:३०

मंडळी, आज सकाळी सहाला सुरुवात केली. मी, भाऊ आणि काका तिघेही होतो. मीच दोघांना बोलावलं, कारण जे दिसेल ते तिघांनी मिळून पाहावं असं मला वाटत होतं.

टाकीच्या मागे चेसीवर बोल्ट सापडला. वरून मातीचा थर, खरवडला तर खाली हिरवट-पांढरी पूड. टाकीची अर्थ वायर आणि मागच्या दिव्यांची, दोन्ही त्याच्यावरच. पाना लावला आणि टाकीच्या वायरचं थिंबल सरळ हातात तुटून आलं, दोन-तीन तारांवर लटकत होतं. आधी मोजून घेतलं होतं: पिन ते युनिटची प्लेट १४ ओहम, पिन ते चेसी ५३. मधले ३९ ओहम नुसता गंज. पॉलिश पेपरने चेसी चकचकीत केली, नवीन थिंबल, नवीन बोल्ट, वर ग्रीस. दिव्यांना वेगळा बोल्ट आणि वेगळी वायर दिली. दोन्ही आकडे सारखे आले.

मग भाऊ स्वतः सीटवर बसला. लाइट लावले, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काटा जागचा हलला नाही. मागचे दिवेही लख्ख झाले. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली उतरून काकांना म्हणाला, काका, आजपासून काट्यावरून तुम्हाला काही विचारणार नाही. काकांनी फक्त मान हलवली आणि पाना पुसायला घेतला. मला त्या दोघांकडे पाहून फार बरं वाटलं.

त्यानंतर टाकीचा ड्रेन बोल्ट काढून डिझेल स्वच्छ डब्यात काढलं. शेवटी जे आलं त्यात पाणी आणि तांबूस गाळ होता, ते फेकलं नाही, वेगळ्या डब्यात ठेवलंय. युनिटच्या भोकातून बॅटरीच्या बंदिस्त टॉर्चने पाहिलं तर ओढायची नळी तळापासून साधारण दोन बोटं वर आहे. नंतर गाडी सपाट फरशीवर घेऊन मापाच्या डब्याने भरत गेलो. दर वेळी युनिट बसवलेलं, भरायचं झाकण बंद, मगच चावी ऑन, आणि काटा थांबेपर्यंत धीर धरला. हा काटा फार सावकाश चढतो.

आमच्या टाकीचं असं निघालं. १० लिटरला काटा ई ला टेकतो, त्याआधी हलतही नाही. १८ लिटरला पाव. ३२ ला अर्धा. ४५ ला पाऊण. ५२ ला एफ. त्यापुढे काटा तिथेच थांबतो आणि गळ्यापर्यंत ६१ लिटर बसतात. म्हणजे पावाखालून ई पर्यंत फक्त ८ लिटर आणि पावापासून अर्ध्यापर्यंत १४. टाकीचा तळ एका बाजूने आत कापलेला आहे, खालचा भाग अरुंद, म्हणून शेवटचा पाव भराभर उतरतो. काका नेहमी म्हणायचे की अर्ध्यापर्यंत गाडी चालतच राहते आणि मग काटा धावतो. ते या आकड्यांत जसंच्या तसं दिसलं. टाकी मूळचीच आहे, टेपने मोजली तेव्हाही साठच्या जरा वरच आली.

हा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सन व्हायझरला लावलाय. ई म्हणजे १० लिटर, पण गाळ आणि नळीची उंची धरून त्यातले सातच आपले, असं तिघांनी ठरवलं. पंपावर पाच लिटरचं माप मागितलं होतं. त्यांनी कुरकूर न करता आणलं, भरून दाखवलं, रेषेला बरोबर होतं. त्यामुळे पंपाचा संशयही गेला.

एसटीवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे वही सुरू केली आहे. लिहिणार गाडीचे काका, बेरीज करणार भाऊ. भरताना पहिल्या कटला थांबायचं.

एक प्रश्न उरलाय. युनिट परत बसवताना खालचं कॉर्कचं गॅस्केट तुकडे तुकडे झालेलं होतं. तात्पुरतं जुनंच जोडून बसवलं, पण टाकी वरपर्यंत भरल्यावर तिथे ओल दिसते. कॉर्कचंच घ्यायचं की रबराचं?


वायरिंग_घाटरोड
रविवार, संध्याकाळी ७:००

फार छान काम केलं भाऊ. गॅस्केट डिझेलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचं घ्या, साधं ट्यूबचं रबर कापून बसवू नका, ते फुगून मऊ होतं. जुनं गॅस्केट दुकानात घेऊन जा, स्क्रूची भोकं जुळवून पाहा. प्लेटची आणि टाकीची बाजू पूर्ण खरवडून कोरडी करा आणि स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. अर्थ वायरचा संपर्क गॅस्केटवर अवलंबून ठेवू नका, ती प्लेटच्या स्क्रूखालीच राहू द्या. तोवर टाकी ५० च्या वर भरू नका, ओल थांबेल.


खेप_कळमना
रविवार, संध्याकाळी ७:२५

ठीक आहे दादा, उद्या जुनं घेऊन घाट रोडला जातो. आज रात्रीच्या खेपेला टाकीत ४५ च ठेवलंय.